समोरच्याची दिवाळखोरी खोटी वाटते? आधी दावा नोंदवा, मग बोट दाखवा

कोल्हापूर जिल्ह्यातला धंदा उधारीवर चालतो. मार्केट यार्डातला गूळ असो, इचलकरंजीचे सूत असो, शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले कास्टिंग असो की हुपरीची चांदी, माल आधी जातो आणि पैसे मागून येतात. एखादी पार्टी हात वर करते तेव्हा तिच्यामागे पाच-पन्नास पुरवठादार, कामगार आणि हातउसने देणारे नातेवाईक अडकलेले असतात.

मग एक दिवस न्यायालयाची नोटीस येते. अमुक व्यक्तीने आपल्याला नादार जाहीर करावे असा अर्ज केला आहे, काही म्हणणे असल्यास हजर राहावे. सोबतच्या यादीत देणी लाखांत आणि मालमत्ता जवळपास शून्य. गावाला मात्र ठाऊक असते की बंगला गेल्याच वर्षी बायकोच्या नावावर झाला आणि ट्रक मेहुण्याच्या दारात उभा आहे. इथे धनकोंचे हमखास प्रश्न सुरू होतात. पोलिसांत जावे की कोर्टात? तक्रार कुणाच्या नावे लिहावी? आपली वसुली आता थांबली का? आपल्या बोलण्याला किंमत तरी मिळेल का?

किंमत मिळते, पण त्याला एक अट आहे. या प्रक्रियेत फसवणुकीची तक्रार ऐकली जाते ती मुख्यतः रीतसर दावा नोंदवलेल्या धनकोची. बाहेर उभे राहून केलेला आरडाओरडा फाइलवर येत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी आपला दावा, मग नेमका कागद, मग योग्य माणसाकडे तक्रार.

अर्ज कोणत्या कायद्याखाली आहे, ते आधी पाहा

निम्मा गोंधळ इथेच होतो. ‘दिवाळखोरी’ हा शब्द एकच असला तरी दरवाजे वेगवेगळे आहेत.

- व्यक्ती, मालकी पेढी किंवा भागीदारी संस्था: २०१६ चा इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड, म्हणजे आयबीसी, आला तरी त्यातला व्यक्तींसाठीचा भाग सर्वसामान्य कर्जदारांना अजून लागू केलेला नाही. त्यामुळे कोल्हापुरात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात असतो. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे.
- कंपनी किंवा एलएलपी: आयबीसी लागू. थकबाकी किमान १ कोटी रुपये हवी. प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाकडे जाते.
- कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेला संचालक किंवा नातेवाईक: १ डिसेंबर २०१९ पासून यांनाही आयबीसीच लागू होते. इथे अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगिती सुरू होते. बँकेचा लिलाव तोंडावर आला असताना अर्ज दाखल झाला असेल, तर तारखा बारकाईने तपासा.
- पतसंस्था, सहकारी बँक, सहकारी साखर कारखाना: यांना वरील दोन्ही मार्ग नाहीत. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली सहकार खाते अवसायक नेमते. ठेवी बुडवल्या असतील तर १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे ‘एमपीआयडी’, हे ठेवीदाराचे हत्यार आहे.

नोटिशीच्या डोक्यावर न्यायालयाचे नाव आणि कायद्याचे कलम छापलेले असते. वकिलाकडे जाण्यापूर्वी तेवढे नीट वाचून घ्या.

पहिले काम: दावा नोंदवणे

१९२० च्या कायद्यात धनको आपले येणे प्रतिज्ञापत्राने सिद्ध करतो आणि त्याचे नाव न्यायालयाच्या धनको-सूचीत लागते. ऋणकोने आपल्या यादीत तुमचे नाव घातले नसेल, तरीही हे करता येते. नाव मुद्दाम गाळणे ही फसवणुकीची जुनी युक्ती आहे.

कंपनीच्या प्रकरणात एनसीएलटीने नेमलेला अंतरिम रिझोल्युशन प्रोफेशनल एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात जाहीर निवेदन देतो. त्याच्या नेमणुकीपासून १४ दिवसांत दावा पोचायला हवा. माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांसाठी फॉर्म बी, कर्ज किंवा ठेव देणाऱ्यांसाठी फॉर्म सी आणि कामगारांसाठी फॉर्म डी असतो. मुदत हुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस किंवा कंपनी घेऊ इच्छिणाऱ्यांकडून योजना मागवण्याची तारीख, यांपैकी जे नंतर येईल तोवर उशिराचे कारण देऊन दावा करता येतो.

दाव्यासोबत जोडायचे कागद:

- बिले, डिलिव्हरी चलन, ई-वे बिल आणि पार्टीने सही करून दिलेला खातेउतारा
- बँकेचे स्टेटमेंट आणि परत आलेले चेक, बँकेच्या मेमोसह
- जीएसटी विवरणातली त्या बिलांची नोंद
- व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असे कबुलीचे मेसेज

शेवटच्या बाबीत अनेक जण चुकतात. मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत लागते. मूळ फोन जपून ठेवा आणि चॅट पुसू नका.

संशय कशाला म्हणावा?

धंदा बुडणे हा गुन्हा नाही. सुताचे भाव पडतात, ऑर्डर रद्द होतात, आजारपण येते. खरोखर बुडालेल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणूनच हा कायदा केलेला आहे. फसवणुकीची चिन्हे वेगळी असतात:

- अर्जाच्या आधीच्या एक-दोन वर्षांत घरच्यांच्या नावे बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र
- बाजारभावापेक्षा फारच कमी किमतीत जवळच्या माणसाला खरेदीखत
- बाकी सगळ्यांना ठेंगा, पण भावाचे किंवा भागीदाराचे देणे ऐनवेळी पूर्ण चुकते
- यादीत अचानक उगवलेले मोठे ‘हातउसने’ धनको, ज्यांच्याकडे बँकेतून गेलेला एक रुपयाही दिसत नाही
- त्याच जागेत, त्याच यंत्रांवर, नव्या नावाने सुरू झालेली पेढी
- हिशेबाच्या वह्या ‘पुरात गेल्या’ असे सांगणे, पण त्याच काळातली जीएसटी विवरणे वेळेत भरलेली असणे

कागद कुठे मिळतो आणि कसा वाचायचा?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेवर गाव, वर्ष आणि गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक टाकला की त्या मिळकतीचे दस्त दिसतात. त्यातला सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, हाच धनकोचा सर्वांत उपयोगी कागद. एका पानाचा हा उतारा वरून खाली वाचा. ‘विलेखाचा प्रकार’ या ओळीत बक्षीसपत्र लिहिले आहे का? ‘मोबदला’ शून्य आणि खालच्या ‘बाजारभाव’ ओळीत मोठा आकडा आहे का? करून देणारा ऋणको आणि करून घेणारी त्याची पत्नी किंवा मुलगा आहे का? शेवटी दोन तारखा असतात, एक दस्त करून दिल्याची आणि दुसरी नोंदणीची. त्या आणि नादारी अर्जाची तारीख शेजारी शेजारी लिहा. प्रकरण पुष्कळदा त्या तीन तारखांतच उलगडते.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस द्यायची तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. कुटुंबांच्या सोयीसाठी दिलेली ही सवलत मालमत्ता हलवणाऱ्यांनाही तितकीच स्वस्त पडते. त्यामुळे शोधाची सुरुवात बक्षीसपत्रापासून करा.

याशिवाय सातबारा आणि फेरफार, शहरातल्या जागेचे मालमत्ता पत्रक काढून घ्या. कंपनीचे ताळेबंद आणि बोजांची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर, तर गहाणाची नोंद सर्साई या केंद्रीय नोंदणी पोर्टलवर मिळते. ई-कोर्ट्सवर पक्षकाराचे नाव टाकले की इतर धनकोंनी केलेले दावेही दिसतात. त्या धनकोंना भेटा. एकट्याने केलेल्या तक्रारीपेक्षा पाच जणांनी एकाच वकिलामार्फत केलेल्या तक्रारीचा खर्च कमी येतो आणि वजन जास्त पडते.

व्यक्ती किंवा पेढीचा अर्ज: जिल्हा न्यायालयातल्या पायऱ्या

१. पहिल्या तारखेला हजर राहा. कलम २४ नुसार न्यायालय ऋणकोला त्याचे वर्तन, व्यवहार आणि मालमत्ता यांबद्दल धनकोंसमोर तपासते आणि त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क धनकोंना असतो. प्रश्न छोटे आणि कागदाला धरून असू द्या. ‘गेल्या दोन वर्षांत तुम्ही कोणती मिळकत कुणाच्या नावे केली?’ ‘या हातउसन्या रकमा कोणत्या बँक खात्यात आल्या?’ ‘जुनी यंत्रे आज कुठे आहेत?’ प्रतिज्ञेवर दिलेले उत्तर पुढे बदलता येत नाही.

२. अंतरिम रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा न्यायालयाचा माणूस, मागा. ऋणकोने स्वतः अर्ज केला असेल तर कलम २० प्रमाणे तो सर्वसाधारणपणे नेमलाच जातो. माल हलवला जाण्याची किंवा माणूस पळून जाण्याची भीती असेल, तर कलम २१ खाली जामीन, जप्ती किंवा अटक वॉरंटही मागता येते.

३. रिसीव्हरला लेखी कळवा. ऋणको नादार ठरला आणि हस्तांतर अर्जाच्या तारखेआधी दोन वर्षांच्या आत झालेले असेल, तर कलम ५३ खाली ते रद्द होऊ शकते. खऱ्या किमतीला सद्भावनेने घेणारा खरेदीदार मात्र यातून सुटतो. एखाद्याच धनकोला झुकते माप देऊन केलेला व्यवहार अर्जाआधी तीन महिन्यांतला असेल, तर कलम ५४ लागते. हे अर्ज रिसीव्हर करतो. त्याने नकार दिला तर दावा सिद्ध केलेला धनको न्यायालयाच्या परवानगीने कलम ५४-अ खाली स्वतः करू शकतो. रिसीव्हरला दिलेल्या पत्राची पोच म्हणूनच महत्त्वाची. ती नसेल तर नकार सिद्धच होत नाही.

४. बनावट धनको सूचीतून काढायला लावा. खोटी नोंद काढण्याचा किंवा रक्कम कमी करण्याचा अधिकार कलम ५० देते. रिसीव्हर लक्ष घालत नसेल तर धनकोही अर्ज करू शकतो.

५. गुन्ह्याची दखल घ्यायला सांगा. वह्या नष्ट करणे, खोट्या नोंदी करणे, धनकोंचा वाटा कमी व्हावा म्हणून मालमत्ता लपवणे, हे कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैदेचे गुन्हे आहेत. नादारी न्यायालय प्राथमिक चौकशी करून दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद पाठवते.

६. मुक्ततेच्या अर्जाला हरकत घ्या. नादार ठरलेला माणूस पुढे कर्जातून मुक्ततेचा अर्ज करतो. त्याची मालमत्ता बिनतारणी देण्यांच्या रुपयामागे आठ आणेसुद्धा भरत नसेल आणि त्याला तोच जबाबदार असेल, त्याने आधीच्या तीन वर्षांचे हिशेब ठेवले नसतील किंवा संपत्ती लपवली असेल, तर कलम ४२ नुसार पूर्ण मुक्तता नाकारावीच लागते. पहिल्या तारखा हुकलेल्या धनकोलाही ही संधी उरते.

तक्रारीची भाषा कशी असावी? ‘याने सगळी इस्टेट लपवली आहे’ या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. त्याऐवजी लिहा: मौजे अमुक, गट क्रमांक इतका, दस्त क्रमांक व दिनांक असा, प्रकार बक्षीसपत्र, मोबदला शून्य, घेणार पत्नी, अर्जातील मालमत्ता यादीत उल्लेख नाही, इंडेक्स टू सोबत जोडला आहे. एका मिळकतीला एक परिच्छेद पुरे.

कंपनीचा अर्ज: मुंबईतली लढाई

कंपनीच्या बाबतीत पहिला पत्ता रिझोल्युशन प्रोफेशनलचा. संशयास्पद व्यवहारांबाबत त्याने प्रक्रिया सुरू झाल्यापासून ७५ व्या दिवसापर्यंत मत बनवायचे असते. तुमची माहिती त्याआधी ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पोचू द्या.

- पक्षपाती व्यवहार, कलम ४३: संबंधित व्यक्तीशी असेल तर मागची दोन वर्षे, इतरांशी असेल तर एक वर्ष तपासले जाते.
- कवडीमोल व्यवहार, कलम ४५: कालमर्यादा तीच. प्रोफेशनलने असा व्यवहार पुढे आणला नाही तर कलम ४७ खाली धनको थेट एनसीएलटीकडे जाऊ शकतो.
- धनकोंना फसवण्यासाठीच चालवलेला धंदा, कलम ६६: यासाठी जबाबदार असलेल्यांना वैयक्तिक भरपाई करायला लावता येते.
- मुळात अर्जच कपटाने केला असेल तर कलम ६५: १ लाख ते १ कोटी रुपये दंड.

या कलमांनी काय होते याचे ठळक उदाहरण उत्तर प्रदेशातल्या जेपी इन्फ्राटेकचे. या कंपनीने आपली शेकडो एकर जमीन मूळ कंपनी जयप्रकाश असोसिएट्सच्या कर्जापोटी बँकांकडे गहाण टाकली होती. २६ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातली ७५८ एकरांची गहाणे पक्षपाती ठरवली आणि जमीन बोजातून मोकळी झाली. रिझोल्युशन प्रोफेशनलने अर्ज केला, म्हणून हे घडले.

मुंबईच्या डीएचएफएलचा धडा वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये संचालक मंडळ बरखास्त करून या गृहकर्ज कंपनीला दिवाळखोरी प्रक्रियेत नेले. अस्तित्वातच नसलेल्या वांद्रे शाखेच्या नावाने लाखो खोटी गृहकर्ज खाती दाखवल्याचा आरोप सीबीआयने ठेवला. प्रशासकाने सुमारे ४५ हजार कोटी रुपयांच्या संशयास्पद व्यवहारांबाबत अर्ज केले. पण धनकोंच्या समितीने मंजूर केलेल्या पिरामल समूहाच्या योजनेत कलम ६६ खालच्या संभाव्य वसुलीची किंमत धरली होती फक्त १ रुपया, आणि ती वसुली जाणार होती पिरामलकडे. अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये फेरविचार करायला सांगितले, तरी १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ योजनाच कायम ठेवली. तुमच्यासाठी अर्थ सरळ आहे. फसवणूक सिद्ध झाली तरी ते पैसे तुमच्या हाती येतीलच असे नाही. वसुली कुणाला मिळणार, हा मुद्दा योजनेवर मतदान होण्यापूर्वी समितीतल्या बँकेकडे किंवा ठेवीदारांच्या अधिकृत प्रतिनिधीकडे लावून धरा.

मालमत्ता लपवल्याबद्दल आयबीसीत तीन ते पाच वर्षे कैद सांगितली आहे. मात्र विशेष न्यायालय अशी दखल दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, किंवा केंद्र सरकारच्या फिर्यादीवरच घेते. तुमचा अर्ज म्हणून आयबीबीआयकडे जायला हवा. रिझोल्युशन प्रोफेशनलच हातमिळवणी करतोय असे वाटत असेल, तर त्याचीही तक्रार तिथेच करता येते.

पोलिसांत कधी जावे?

नादारीचा अर्ज म्हणजे फौजदारी कारवाईपासून कवच नव्हे. धनकोंना मिळू नये म्हणून मालमत्ता हलवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२० खालचा स्वतंत्र गुन्हा आहे. दस्तात खोटा मोबदला दाखवणे कलम ३२२ खाली, तर माल घेतानाच पैसे न देण्याचा हेतू असणे कलम ३१८ खाली येते. मोठ्या रकमेसाठी जिल्हा पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आहे. पोलीस ठाण्याने दखल घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा.

‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर ठाण्यात हमखास मिळते. त्यावर उपाय तोच, इंडेक्स टू आणि तारखांचा तक्ता. कागदाशिवाय गेलात तर ते उत्तर खोडता येणार नाही.

इथे पाय घसरतो

- व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘हा लबाड, दिवाळे काढून पळाला’ असे फिरवणे. बदनामीचा खटला तुमच्यावर उलटतो आणि समोरचा सावध होतो.
- रात्रीतून माल उचलून आणणे. चोरीचा गुन्हा तुमच्यावर लागेल. प्रक्रिया सुरू झाल्यावर ती मालमत्ता सगळ्या धनकोंची असते.
- गुपचूप स्वतःपुरती तडजोड करणे. ती पुढे पक्षपाती व्यवहार ठरून पैसे परत करावे लागू शकतात.
- चेकचा खटला सोडून देणे. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायलाच हवी. कंपनीवर मोरॅटोरियम, म्हणजे कारवाईला स्थगिती, असला तरी सही करणाऱ्या संचालकांवरचा खटला चालू राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०२१ रोजी पी. मोहनराज प्रकरणात दिला आहे.
- नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावर परवानगी न घेता वसुलीचा नवा दावा लावणे. १९२० च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे नादारी न्यायालयाची परवानगी आधी लागते. तारण असलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क मात्र अबाधित राहतो.

मदत, अपील आणि मुदती

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांना मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही.

रिसीव्हरच्या निर्णयाविरुद्ध नादारी न्यायालयात २१ दिवसांत दाद मागता येते. जिल्हा न्यायालयाच्या ज्या हुकमांवर उच्च न्यायालयात अपील चालते, त्यासाठी मुदत ९० दिवसांची आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झाले आहे. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या धनकोंना या अपिलांसाठी मुंबईची वारी करावी लागत नाही.

एनसीएलटीच्या हुकमावरचे अपील मात्र दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात ३० दिवसांत करावे लागते. पुरेसे कारण असेल तर जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे एकही नाही. हे दिवस हुकूम खुल्या न्यायालयात वाचून दाखवल्यापासून मोजले जातात. मोफत प्रत हातात येईपर्यंत थांबलेल्या पक्षकाराचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्ही. नागराजन प्रकरणात मुदतबाह्य ठरवले होते. हुकूम झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा आणि त्या अर्जाची पावती दाव्याच्या फाइलमध्ये लावा.